आपल्या गल्लीचं काम शहराच्या अंदाजपत्रकात कसं आणायचं? खान्देशातल्या नागरिकांसाठी पायरीपायरीने

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पेपरात बातमी येते: पालिकेचं इतक्या कोटींचं अंदाजपत्रक सादर, करवाढ नाही. आपण आपल्या भागाचं नाव कुठे दिसतंय का ते शोधतो आणि पेपर बाजूला ठेवतो. पण त्या दिवशी शोधून उपयोग नसतो. आकडे बहुतांशी दिवाळीच्या आसपासच ठरलेले असतात, आणि ज्यांची मागणी तेव्हा कागदावर असते त्यांचीच कामं पुढे सरकतात.

आमच्या कॉलनीच्या गटारीसाठी आम्ही ही सगळी वाट चाललो आहोत. टेबलं कोणती, कागद कोणते, कोणत्या महिन्यात कुणाला भेटायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. नव्या माणसाची तेवढी फरफट वाचावी म्हणून हे लिहितोय.

खेड्यातून शहरात आलेल्या माणसाला ग्रामसभा ठाऊक असते. तिथे उभं राहून "आमनी गल्लीमा चार दिनमा एकदाव पानी येस" असं सरपंचाला तोंडावर विचारता येतं. शहरात तशी सभा सहसा भरत नाही. राज्य सरकारने २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली. आपल्या भागातली कामं सुचवणं आणि त्यांचा अग्रक्रम ठरवणं हे तिचं काम. पण क्षेत्रसभा प्रत्यक्ष भरताना फारशी कुठे दिसत नाही. म्हणून आपल्याला कागदाच्या वाटेनेच जावं लागतं.

ही काही जगावेगळी मागणी नाही. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून नागरिक बैठकांमधून अंदाजपत्रकातली कामं ठरवू लागले. आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांकडून कामं मागवायला सुरुवात केली. तिथे क्षेत्रीय कार्यालयात ठरावीक नमुन्यात अर्ज द्यायचा आणि छोटी कामं सुचवायची. तुमच्या पालिकेत असा छापील नमुना नसेल, तरी साध्या कागदावर मागणी करायला कोणताही कायदा आडवा येत नाही.

१. निर्णय कोण घेतं, ते आधी पक्कं करा

खान्देशात जळगाव आणि धुळे या दोन महानगरपालिका, दोन्ही २००३ मध्ये झालेल्या. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार होती, धुळ्याची सुमारे ३ लाख ७५ हजार. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार, शहादा, नवापूर इथे नगरपरिषदा आहेत. साक्री, शिंदखेडा, बोदवड, मुक्ताईनगर, धडगाव इथे नगरपंचायती.

महापालिकेत आयुक्त अंदाज तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. या समितीत १६ सदस्य असतात. समिती त्यात बदल करून ते महासभेकडे पाठवते आणि महासभा मंजुरी देते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ९५ ते १०० मध्ये हे सगळं आहे. नगरपरिषदेत ही तयारी मुख्याधिकारी करतात. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाचं कलम १०१ त्यासाठी पाहा. निवडणूक न झाल्याने प्रशासक बसलेला असेल, तर स्थायी समिती आणि सभागृह या दोन्हींचे अधिकार त्या एकाच अधिकाऱ्याकडे येतात. अशा वेळी नगरसेवकाच्या दारात चकरा मारण्यापेक्षा सरळ त्यांनाच अर्ज द्यावा.

प्रभाग समिती हा आणखी एक दरवाजा. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात ती असलीच पाहिजे, आणि कलम २९अ नुसार त्या भागात काम करणाऱ्या मान्यताप्राप्त सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य तिच्यावर घेता येतात. तुमच्या महिला मंडळाची किंवा संस्थेची नोंदणी झालेली असेल तर तिथे नाव सुचवायला अजिबात संकोच करू नका.

२. वर्ष कसं चालतं ते समजून घ्या

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. आपल्यासाठी मात्र वर्ष जूनपासून सुरू होतं.

*जून ते सप्टेंबर:* पुरावा गोळा करायचा. पावसाचं पाणी कुठे तुंबतं, कोणाच्या ओट्यापर्यंत चढतं, याचे फोटो याच दिवसांत मिळतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ वर गेला की गटार कोरडी ठणठणीत असते, आणि तेव्हा काढलेला फोटो पाहून कुणाला काही कळत नाही.

*ऑक्टोबर ते डिसेंबर:* बांधकाम, पाणीपुरवठा, विद्युत, आरोग्य हे विभाग आपापल्या मागण्या लेखा विभागाला देतात. तुमचा अर्ज याच काळात विभागाच्या हातात असायला हवा. शक्यतो दिवाळीआधी.

*जानेवारी:* जमा-खर्चाचा मेळ घालण्याचं काम चालतं. काही पालिका या सुमारास पेपरात जाहिरात देऊन नागरिकांच्या सूचना मागवतात. मुदत थोडी असते, म्हणून नोटीस बोर्डावर आणि स्थानिक पेपरावर नजर ठेवा.

*फेब्रुवारी-मार्च:* सादरीकरण, चर्चा, मंजुरी. इथे नवं काम घालणं अवघड असतं. आधी दिलेलं काम गळू न देणं एवढंच आपल्या हातात उरतं.

३. मागचं अंदाजपत्रक मिळवा आणि बसून वाचा

बहुतेक जण हीच पायरी गाळतात. मला विचाराल तर सगळ्यांत जास्त वेळ हिलाच द्यावा.

आधी पालिकेच्या संकेतस्थळावर पाहा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अंदाजपत्रकाची माहिती कुणी न मागता जाहीर करणं हे पालिकेचं कर्तव्यच आहे. तिथे नसेल तर लेखा विभागात जाऊन छापील प्रत बघायला मागा. तेही जमलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्यासाठी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, पानाला २ रुपये पडतात आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत मांडायचा असतो. एकाच अर्जात रस्ता, पाणी, दिवे सगळं कोंबलं की तेवढ्याच कारणावर तो परत येऊ शकतो. उत्तर आलं नाही, तर ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे २० रुपयांच्या स्टॅम्पवर करायचं. त्यानंतरचं दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जातं; जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाकडे आहेत.

अर्जाचा मजकूर इतका साधा ठेवा (लेखाशीर्ष म्हणजे अंदाजपत्रकातली त्या खर्चाची ओळ, तिलाच हेड म्हणतात):

"चालू आर्थिक वर्षाच्या मंजूर अंदाजपत्रकाची संपूर्ण प्रत, तसेच प्रभाग क्र. ___ मधील बांधकाम विभागाच्या मंजूर कामांची यादी (कामाचे नाव, लेखाशीर्ष, तरतूद, आजपर्यंतचा खर्च) मिळावी."

"काम का झालं नाही?" असा प्रश्न माहिती अधिकारात विचारू नका. कारणं विचारली की "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर यायला जागा मिळते. कागद मागितला तर कागद द्यावा लागतो.

प्रत हातात आली की जाडी बघून घाबरू नका. सगळं पुस्तक वाचायचं नसतं. आधी जमेची बाजू काढा. मालमत्ता कर, पाणीपट्टी, व्यापारी संकुलांतल्या गाळ्यांचं भाडं आणि बांधकाम परवानगीचं विकास शुल्क हे पालिकेचं स्वतःचं उत्पन्न. महापालिकेला जीएसटीपोटी मिळणारी भरपाई आणि वित्त आयोगाचा निधी हे वरून येणारं. ही विभागणी कळली की पालिका स्वतःच्या पायावर किती उभी आहे ते कळतं, आणि मोठे आकडे ऐकून हुरळून जायला होत नाही.

वित्त आयोगाच्या पैशाचं एक लक्षात घ्या. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने आपल्यासारख्या दहा लाखांखालच्या शहरांचा ६० टक्के निधी पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांना बांधून दिला. म्हणजे त्या ६० टक्क्यांतून बागेतली खेळणी मागितली तर ती मिळणार नाहीत. गटार, पाण्याची लाइन, कचरा यांची मागणी मात्र त्यात चपखल बसते. आयोग बदलला की या अटीही बदलतात. म्हणून अर्ज लिहिण्याआधी लेखा विभागात "यंदाचा बंधित निधी कोणत्या कामांसाठी आहे?" एवढं जरूर विचारून घ्या.

आता खर्चाची बाजू. प्रत्येक ओळीला साधारण चार आकडे असतात: मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. समजा "गटार बांधकाम" या ओळीत हे आकडे अनुक्रमे १२ लाख, ८० लाख, २० लाख आणि ८० लाख असे दिसले. पेपरात छापून येतं "गटारींसाठी ८० लाख". पण ओळ नीट वाचली तर कळतं की मागच्या वर्षी जेमतेम १२ लाख खर्च झाले, यंदा ८० लाख म्हणून निम्म्या वर्षातच ते २० वर आणले, आणि पुढच्या वर्षाला पुन्हा तोच ८० चा आकडा मांडला. अशा ओळीत आपलं काम गेलं तर ते होईलच याची खात्री नाही. त्याउलट ज्या ओळीत अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च जवळजवळ असतात, तिथले पैसे खरोखर खर्च होतात. आपलं काम शक्यतो अशा लेखाशीर्षात बसवून मागा.

हजार रुपये किंवा एक लाख अशी नाममात्र रक्कम दिसली तर समजा की "हेड उघडून ठेवलंय". पुढे पैसा आला तर वळवायला जागा असावी एवढाच त्याचा अर्थ. तरीही ते वाईट नाही. हेड नसेल तर वर्षाच्या मध्ये पैसा आला तरी टाकायला जागा नसते.

महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी ठरावीक टक्केवारीने राखून ठेवलेला निधीही याच पुस्तकात सापडतो. दिव्यांगांसाठी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम ठेवायची असते. ती मार्चपर्यंत खर्च झाली का, हे विचारणारं कुणी नसलं की ती पडून राहते. तुमच्या भागात रॅम्प, प्रसाधनगृह, अंगणवाडीची दुरुस्ती अशी मागणी असेल तर मोठ्या रस्त्याच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा हा निधी जवळचा आहे.

४. ती जागा पालिकेचीच आहे का?

शहरांच्या कडेला शेतं एनए होऊन प्लॉट पडले, कॉलन्या उभ्या राहिल्या. धुळ्यात हद्दवाढीत वलवाडी, अवधानसारखी गावं महापालिकेत आली. अशा भागात लेआउटमधले रस्ते आणि ओपन स्पेस पालिकेच्या ताब्यात रीतसर दिलेलेच नाहीत असं पुष्कळदा निघतं. मग अभियंता "रस्ता हस्तांतरित नाही" एवढा शेरा मारतो आणि फाइल थांबते. नगररचना विभागातून मंजूर लेआउटची प्रत काढा, त्यात रस्त्याची रुंदी पाहा, ताबा दिल्याची नोंद विचारा. ताबा नसेल तर आधी तेच काम लावून धरा, कारण ते महिनोन्‌महिने चालतं.

रस्ता दुसऱ्याच खात्याचा असेल तर तेही आताच कळलेलं बरं. जळगाव शहराच्या मधून जाणारा जुना सहा नंबरचा महामार्ग, म्हणजे आताचा ५३, हा महापालिकेच्या अंदाजपत्रकाचा विषय नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्यांचंही तेच.

आणखी एक सापळा, आणि तो मोठा आहे. रस्ता मागण्याआधी त्याखालून काय जायचंय ते विचारा. अमृत योजनेची पाण्याची लाइन आणि भुयारी गटार यांसाठी आपल्या शहरांनी किती खोदकाम पाहिलं ते वेगळं सांगायला नको. नवं काँक्रीट सहा महिन्यांत फोडलं गेलं की पैसा गेला आणि रस्ताही गेला. पाणीपुरवठा विभागाकडून "या रस्त्यावर लाइनचे काम पूर्ण / प्रस्तावित नाही" असं लेखी घ्या आणि अर्जाला जोडा. हा एक कागद जोडलेला असला की अभियंत्याचा मोठा आक्षेप आपोआप मिटतो.

५. मोजा, मग लिहा

"आमच्या भागात विकासकामे करण्यात यावीत" अशा अर्जाला कुणी नाही म्हणत नाही आणि कुणी कामही करत नाही. अभियंत्याला खर्चाचं एस्टिमेट करायला लांबी, रुंदी, खोली लागते. ती तुम्हीच द्या.

दोन माणसं आणि लांब टेप पुरे. सुरुवात आणि शेवट कुठलाही सोडू नका: "अमुक यांच्या घरापासून मारुती मंदिराच्या कोपऱ्यापर्यंत". पाणी कुठून कुठे वाहतं त्याचा बाण काढून कागदावर हाताने नकाशा करा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ही गटार शेवटी कोणत्या मोठ्या नाल्याला जोडायची ते दाखवा. शेवट न दाखवलेली गटार मंजूर झाली तर पाणी शेजारच्या गल्लीत सोडलं जातं आणि दोन गल्ल्यांत भांडण लागतं.

खर्चाचा अंदाज काढायची सोपी पद्धत: शेजारच्या प्रभागात अलीकडे झालेल्या तशाच कामाच्या कार्यादेशाची (ठेकेदाराला दिलेल्या कामाच्या लेखी आदेशाची) प्रत मिळवा आणि रकमेला लांबीने भागा. समजा १०० मीटर गटारीला ८ लाख लागले, तर मीटरला ८ हजार. तुमची १४० मीटर असेल तर साधारण ११ लाख. हा आकडा अंतिम नसतो. अभियंता दरसूचीप्रमाणे त्याचं एस्टिमेट करेलच. पण तुम्ही कोटींचं स्वप्न घेऊन आलेला नाहीत हे पहिल्या भेटीतच कळतं.

अर्ज एका पानाचा असावा:

"प्रति, मा. आयुक्त / मुख्याधिकारी. विषय: पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात प्रभाग क्र. ___ मधील खालील कामासाठी तरतूद करणेबाबत.
कामाचे नाव: ___ पासून ___ पर्यंत बंदिस्त गटार बांधणे. लांबी १४० मी. लाभार्थी घरे: ___. सध्याची अडचण: (तीन ओळींत). सुचवलेले लेखाशीर्ष: ___. सोबत: फोटो, नकाशा, लेआउट प्रत, पाणीपुरवठा विभागाचे पत्र, रहिवाशांच्या सह्या."

एका अर्जात एकच काम मागा. दहा कामं लिहिली तर सगळ्यांत स्वस्त काम उचललं जातं आणि बाकीच्यांना "अंशतः कार्यवाही झाली" असं उत्तर मिळतं. म्हणून अर्ज लिहिण्याआधी कॉलनीची बैठक घ्या आणि पहिलं काम कोणतं ते तिथेच ठरवा. बैठकीला आयाबायांना आवर्जून बोलवा. पाणी किती वाजता येतं, नळाला धार किती असते, कुठला खांब रात्री बंद असतो, हे घरातल्या पुरुषांपेक्षा त्यांना नेमकं माहीत असतं. आमच्याकडे पुरुष मंडळी रस्त्यासाठी अडून बसली होती, आणि बायकांनी गटार आधी हवी असं ठणकावून सांगितलं. त्यांचंच बरोबर होतं. पावसाळ्यात घरात पाणी शिरतं ते रस्त्यामुळे नाही.

*सोबत लागणारे कागद:*
- अर्जाच्या पुरेशा प्रती (एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन स्वतःजवळ ठेवायची)
- रहिवाशांची नावं, घर क्रमांक आणि सह्या
- तारखेसह फोटो, पावसाळ्यातले असतील तर उत्तम
- हाताने काढलेला मोजमापाचा नकाशा
- मंजूर लेआउटची प्रत
- पाणीपुरवठा विभागाचं लाइनबाबतचं पत्र
- याच कामाचे जुने अर्ज असतील तर त्यांच्या पोच
- कर भरल्याच्या पावत्या

शेवटची ओळ पाहून कुणाला राग येईल. पण कार्यालयात पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच निघतो: "तुमच्या कॉलनीची वसुली किती?" घरपट्टी थकली की महिन्याला दोन टक्के शास्ती चढते आणि बोलताना आपली बाजू लंगडी पडते. सह्या गोळा करायला घरोघरी जाताना पावतीचा फोटोही मागून घ्या. ज्यांचं खरंच जमत नाही त्यांच्यावर जबरदस्ती करू नका; मूलभूत सोय मागण्याचा हक्क थकबाकीमुळे जात नाही.

६. कुठे द्यायचा

आवक-जावक विभागात द्या, पोच न घेता असाच कुणाच्या हातात देऊ नका. एक प्रत शहर अभियंत्याला, एक प्रभागातल्या नगरसेवकांना. प्रभागात चार नगरसेवक असतील तर चौघांनाही द्या. एकाच भाऊला किंवा ताईला दिली की बाकीचे ते काम परकं मानतात. महिनाभराने कनिष्ठ अभियंत्याला भेटून जागेची पाहणी मागा आणि पाहणीच्या वेळी स्वतः हजर राहा. लोकशाही दिनात हा अर्ज देऊ नका. तिथे वैयक्तिक तक्रारी घेतात. सामूहिक मागणी परत येते.

७. पालिकेच्या तिजोरीबाहेरचे पैसे

पालिकेकडे पैसा नसेल तर विषय तिथे संपत नाही. जिल्हा नियोजन समितीकडून नगरोत्थान योजनेतून शहरांना निधी येतो. अनुसूचित जातींची वस्ती असेल तर लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधार योजना आहे. या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, पण प्रस्ताव मात्र पालिकेकडूनच जावा लागतो. म्हणजे तुमच्या कामाचं एस्टिमेट पालिकेत तयार असलं पाहिजे. आमदार आणि खासदार निधीचंही तसंच. पत्र मिळालं म्हणून हुरळू नका, ते जिल्हा नियोजन कार्यालयात पोचलं का ते विचारा.

८. मंजुरीच्या आठवड्यात

महासभा लोकांसाठी खुली असते. प्रेक्षक गॅलरीत बसून ऐकता येतं, बोलता येत नाही. आदल्या दिवशी आपल्या नगरसेवकाला कामाचं नाव, लेखाशीर्ष आणि रक्कम लिहिलेली चिठ्ठी द्या. सभागृहात गोंधळ चालू असतो तेव्हा हातातली चिठ्ठीच वाचली जाते. "ऐनवेळचे विषय" पुकारले की कान टवकारा. विषयपत्रिकेत नसलेल्या गोष्टी तिथेच येतात आणि तिथेच मंजूर होतात.

९. एप्रिलनंतर खरं काम

मंजूर अंदाजपत्रकाची प्रत मिळवा आणि आपली ओळ शोधा. काही वेळा काम नावाने छापलेलं असतं, काही वेळा "प्रभागातील विविध कामे" अशा एका मोठ्या ओळीत गेलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात धोका जास्त, कारण त्या ओळीवर सगळ्यांचाच डोळा असतो. अशा वेळी एप्रिलमध्येच अर्ज देऊन त्या ओळीतल्या कामांची यादी लेखी मागा.

तरतुदीपासून कामापर्यंतचे टप्पे असे: एस्टिमेट, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. मग काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि बिल. फाइल यातल्या कोणत्या टप्प्यावर आहे, एवढंच दर महिन्याला विचारायचं. "काम कधी होणार?" असं विचारलं की "लवकरच" हे उत्तर ठरलेलं. "तांत्रिक मान्यता झाली का, तारीख कोणती?" असं विचारलं की साहेबांना रजिस्टर उघडावं लागतं.

मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नवे कार्यादेश निघत नाहीत. म्हणून निविदा त्याआधी व्हावी यासाठी घाई करा. दिवाळीनंतर वर्गीकरणाकडे लक्ष ठेवा. न वापरलेली तरतूद एका हेडमधून दुसऱ्या हेडमध्ये वळवण्याचे प्रस्ताव तेव्हा येतात आणि आपल्या गटारीचे पैसे कुठल्याशा कमानीला जातात. स्थायी समितीची विषयपत्रिका दर वेळी बघणारा एक माणूस कॉलनीत ठरवून घ्या. निवृत्त शिक्षक किंवा बँकेतून निवृत्त झालेले एखादे काका यासाठी फार मोलाचे.

काम सुरू झालं की कार्यादेशाची प्रत जवळ ठेवा. त्यात लांबी, जाडी, सिमेंटचा दर्जा लिहिलेला असतो. टेप पुन्हा बाहेर काढा आणि काम चालू असतानाच मोजा, कारण वर माती पडल्यावर काही दिसत नाही. मोजमाप पुस्तिकेत नोंद होईल त्या दिवशी कनिष्ठ अभियंत्यासोबत उभे राहा. दोषदायित्व कालावधी किती महिन्यांचा आहे ते कार्यादेशातून उतरवून घ्या. त्या मुदतीत गटार खचली, झाकण फुटलं तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. तेव्हाचा अर्ज बांधकाम विभागाला द्यायचा, कार्यादेश क्रमांक टाकून, आणि त्याचीही पोच घ्यायची.